आधी थांबवा, मग पळवा!

हॉस्टेलवर राहणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलाला तीन रोग हमखास होतात. मेसच्या डाळीचा कंटाळा, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण आणि कुणाची तरी जुनी गाडी 'स्पोर्टी' करण्याची खाज. पहिले दोन आपोआप बरे होतात. तिसऱ्यावरचं औषध मला माहुलच्या रस्त्यावर, भर पावसात, एका टँकरच्या मागे मिळालं. ते औषध तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हा लेख. गणित थोडं आहे, पण सगळं फर्स्ट इयरचं आहे. केटी असलेल्यांनीही घाबरू नये.

माझे मामा माहुलगावात राहतात. एका रिफायनरीत फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्याकडे १९९६ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी आहे. थर्ड इयर संपल्यावर सुट्टीत त्यांनी ती मला आणि माझ्या दोन रूम पार्टनरना 'हात बसावा' म्हणून दिली. आम्ही लगेच कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मूळ सायलेन्सर उतरवला आणि मागेपर्यंत सरळ दोन इंची पाइप टाकला, टोकाला चकचकीत तोटी. पुढच्या आठवड्यात पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी ग्राइंडरने कापली. गाडी जवळजवळ दोन इंच खाली बसली. दिसायला झकास! ब्रेकला मात्र हातही लावला नाही. कारण सरळ आहे. ब्रेक बाहेरून दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही.

जुलैतल्या एका रविवारी मामांना शेजारी बसवून आम्ही चेंबूरहून घरी निघालो. वाटेत एका ठिकाणी चाक अर्धं बुडेल इतकं पाणी होतं, त्यातून गाडी काढली. पुढे माहुल रोडला नेहमीप्रमाणे टँकरची रांग. माझ्या पुढचा टँकर थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल खोल गेलं, पण गाडी तशीच पुढे. पुन्हा दाबला, तर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं झालं. टँकरच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर, तिरकी होऊन गाडी थांबली. त्या टँकरवर काय लिहिलेलं असतं ते माहुलला राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मामा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. चावी कपाटात ठेवून मग म्हणाले, "आवाज अख्ख्या माहुलला जातो रे तुमच्या गाडीचा. थांबत मात्र नाही ती."

मी म्हणालो, "मामा, दुरुस्त करतो सगळं."

"आमच्याकडे परमिटवर सही झाल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. तुम्हालाही तेच. एका रविवारी एक काम. का करायचं ते वहीत मांडायचं, मला पटवायचं. पटलं की सही. मग पाना."

असे तीन रविवार आमचा व्हायवा झाला. कॉलेजातला परवडला! आता तोच व्हायवा क्रमाने देतो.

गाडीची ओळख

कुठल्याही गाडीत बदल करण्याआधी ती मुळात काय आहे हे माहीत हवं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून लाडकी केली. १९६४ पासून ११०० डी आली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. उत्पादन २००० सालाच्या आसपास थांबलं. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या मामांसारख्यांच्या खासगी गाड्या.

"पण पद्मिनी कुठे स्पोर्ट्‌स कार?" असं कोणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. आपल्या भागात जन्मलेली खरी स्पोर्ट्‌स कार म्हणजे गोव्याची सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, फायबरच्या बॉडीची, दोन सीटची, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची. ती हाताला लागणं कठीण. पण पद्मिनीचं खानदानही अगदी साधं नाही. १९५३ साली फियाटने याच ११०० मालिकेत ५० अश्वशक्तीची 'टीव्ही' म्हणजे 'तुरिस्मो व्हेलोचे' ही चपळ आवृत्ती काढली होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानतळावर शर्यती होत, तिथे फियाट ११०० हौसेने पळवल्या जात.

आमच्या हातातली गाडी अशी: इंजिन १०८९ सीसी, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, रिकाम्या गाडीचं वजन सुमारे ९०० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.३४ मीटर. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. हिशेबासाठी दोन माणसं आणि थोडं सामान धरून वजन १०५० किलो मानू.

पहिला रविवार: ब्रेक

मामांचा पहिला प्रश्न: "ब्रेक नेमकं काय करतो?"

मी म्हणालो, "गाडी थांबवतो."

"ते रिक्षावाल्यालाही माहीत आहे. तू इंजिनिअर ना?"

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेची उष्णता करणारं यंत्र. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आपल्या गाडीची ताशी ४० किमीला ती सुमारे ६५ किलोज्यूल येते, ६० ला १४६ आणि ८० ला २५९. म्हणजे वेग दुप्पट केला की ब्रेकवरचं काम चौपट. ईस्टर्न फ्रीवेवर गाडी ८० ने सोडणाऱ्याने हा आकडा एकदा तरी डोळ्यांसमोर आणावा.

ही उष्णता जाते कुठे? ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली बसतं आणि वजन पुढे सरकतं. किती, ते काढता येतं: वस्तुमान गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर. उंची ५५ सेंमी धरली आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट धरलं, तर सुमारे १४८ किलो भार मागून पुढे जातो. उभ्या गाडीत पुढे ५२५ आणि मागे ५२५ असेल, तर आता पुढे ६७३ आणि मागे ३७७. म्हणून ब्रेकचं साठ-पासष्ट टक्के काम पुढची चाकं करतात आणि म्हणूनच मागचे ब्रेक उगाच जोरदार करायचे नसतात. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

८० वरून एकदा थांबलं तर पुढच्या प्रत्येक ड्रमच्या वाट्याला सुमारे ७८ किलोज्यूल येतात. ड्रम पाच किलो बिडाचा मानला, तर एका थांबण्यात त्याचं तापमान सुमारे ३४ अंशांनी वाढतं. थंड व्हायला वेळ न देता घाटात असं दहा वेळा केलं तर किती, ते तुम्हीच करा. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे ब्रेक शूपासून लांब जातो. पेडल खोल जायला लागतं. शिवाय लायनिंगमधली राळ तापून वायू सोडते आणि घर्षण कमी होतं. याला फेड म्हणतात. डिस्क ब्रेक इथे सरस ठरतो. तापलेली डिस्क पॅडच्या दिशेने फुगते, उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आतच फिरत राहतं. आमच्या बाबतीत पहिल्या पेडलला गाडी न थांबण्याचं एक कारण हेच. पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवत, मागे कोणी नाही ना ते बघून, हलका ब्रेक दोन-तीनदा दाबून लायनिंग वाळवायचं असतं. हे मामांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

"मग डिस्क टाकू या का?" माझ्या पार्टनरने विचारलं. हा प्रश्न जुन्या गाडीवाला प्रत्येक जण विचारतो, म्हणून थोडं थांबतो.

पाय ३० किलोने पेडल दाबतो. पेडलची तरफ पाचपट देते, म्हणजे मास्टर सिलिंडरवर १५० किलो. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच असेल तर आत सुमारे ५२ बार दाब तयार होतो. पास्कलच्या नियमाने तो सगळ्या चाकांना सारखा पोहोचतो. आता गंमत बघा. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन आणखी घट्ट दाबला जातो. ही फुकटची मदत डिस्कला नसते. त्यामुळे नुसता डिस्क-कॅलिपर बसवला की पेडल दगडासारखं जड लागतं, आणि मग व्हॅक्यूम बूस्टर लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणजे तेल जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. शिवाय पुढे-मागे ब्रेकचं प्रमाण पुन्हा बसवावं लागतं. म्हणजे मारुतीचा डिस्क सेट भंगारातून आणून बोल्ट मारला, इतकं ते सोपं नाही. एक बदल दुसऱ्या चार बदलांना बोलावतो.

आणि शेवटी गाडी थांबवतो टायर. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.७ धरला तर ६० वरून थांबायला २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर ३५. त्यात माणसाला ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद, म्हणजे आणखी १७ मीटर. चाक जाम होईपर्यंत ब्रेक लागत असेल, तर त्यापुढे डिस्क काही जादू करत नाही. तिचा खरा फायदा पुन्हा पुन्हा थांबण्यात आणि पाण्यात.

मामांनी सही केली, पण अट घातली: "आधी आहे ते उघडा. काय मेलंय ते बघा."

चाकं काढली. गाडी जॅकवर ठेवून काम करायचं नाही, खाली घोड्या लावायच्या, हे सांगायला नको. पण सांगतो, कारण आम्हीही विसरलो होतो. पुढच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता. लायनिंग ब्रेक ऑइलने भिजलेलं. म्हणजे उजवीकडे ब्रेक जवळजवळ नाहीच, डावीकडे आहे. गाडी डावीकडे ओढली गेली ती म्हणून! ड्रमच्या कडेला झिजेची पायरी पडलेली. ब्रेक ऑइल चहासारखं काळं. हे तेल हवेतली वाफ शोषतं. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की लाइनीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल तळाला जातं. माहुलसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी तेल बदलणं हा सगळ्यात स्वस्त 'अपग्रेड' आहे.

आम्ही चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लायनिंग नवीन घेतलं. ड्रम लेथवर मोजून साफ केले. ड्रमच्या आतल्या व्यासाला मर्यादा असते, ती ओलांडली की ड्रम भंगारात. जुन्या लायनिंगच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती तोंडाने किंवा हवेने कधीही फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आमच्या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट होतं. एक होज फुटला की चारही चाकं गेली. त्यामुळे लोखंडी पाइपांचा प्रत्येक इंच तपासला. दोन पाइप गंजाने पापडासारखे झाले होते, तेही बदलले. डिस्क टाकली नाही.

कॉलेजमधल्या सरांची परवानगी काढून मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि टेप धरला. ताशी ४० वरून दुरुस्तीआधी गाडी साधारण १६ मीटरमध्ये, तीही डावीकडे ओढत थांबत होती. नंतर साडेदहा मीटरमध्ये, सरळ. नवीन भाग कुठलाही 'स्पोर्ट्‌स' नव्हता. गाडी मुळात जशी होती तशी झाली, एवढंच.

दुसरा रविवार: सस्पेन्शन

मामांचा प्रश्न: "स्प्रिंग का कापलीत?"

खरं उत्तर 'दिसायला बरी वाटते' हे होतं. ते देता येईना.

स्प्रिंगची वेटोळी कमी केली की ती कडक होते. कडकपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ कामाच्या वेटोळ्यांतून दीड काढलं तर कडकपणा ८ भागिले ६.५ पट, म्हणजे २३ टक्के वाढतो. इथपर्यंत ठीक. पण गाडी खाली बसल्याने चाकाला वर यायला जागा कमी उरते. जागा कमी आणि मुंबईचे खड्डे तेवढेच. चाक थेट रबरी बंपस्टॉपवर आपटतं, आणि त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा २३ टक्के नव्हे, कितीतरी पटींनी वाढतो. टायरची पकड जाते. आमचं स्टिअरिंग सुटलं ते इथे. भरीत भर म्हणजे गाडी खाली बसली की विशबोनचे कोन बदलतात, स्टिअरिंगच्या रॉडची कमान विशबोनच्या कमानीशी जुळत नाही, आणि चाक वर-खाली होताना आपोआप डावी-उजवीकडे वळायला बघतं. कापलेल्या स्प्रिंगचं टोकही बैठकीत नीट बसत नाही. गाडी उचलली तेव्हा एक स्प्रिंग हाताने फिरत होती!

मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर. त्याचं नाव चुकीचं आहे. धक्का स्प्रिंग पचवते, शॉकअपचं काम स्प्रिंगचा नाच थांबवणं. स्प्रिंग २३ टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर त्याचं डॅम्पिंगचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. आमचे शॉकअप तर तेल गळून मेलेले होते. मडगार्डवर जोर देऊन सोडलं की गाडी तीन वेळा झुलायची. चांगल्या गाडीने एकदा वर येऊन बसायला हवं.

आता एक गैरसमज, जो माझाही होता: कडक स्प्रिंग टाकली की वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर कमी जातं. साफ चूक. वळणावर सरकणारं एकूण वजन वस्तुमान, वळणाचं त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी एवढ्यावरच ठरतं. पद्मिनीची रुंदी सुमारे १.२३ मीटर. गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट जोराने वळलं तर सुमारे १८८ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेर जातो. यात स्प्रिंग कुठेच नाही. कडक स्प्रिंगने गाडी कमी कलते, आणि तो भार पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जाईल ते बदलतं. गाडी तीन सेंमी खाली घेतली तर १८८ चे १७८ होतात. दहा किलोंसाठी आम्ही चाकाची सगळी हालचाल विकली होती.

म्हणून क्रम असा ठरला. आधी विशबोनचे आणि पाट्यांचे रबरी बुश. मरून चुरा झाले होते. चाक एकीकडे जातं आणि गाडी दुसरीकडे, ही तक्रार बहुतेक वेळा बुशांचीच असते. मग चारही शॉकअप. मग मूळ मापाच्या नव्या पुढच्या स्प्रिंगा. मागच्या पाट्यांचा संच उघडून तुटलेलं पान बदललं, कमान परत आणली. सगळे ग्रीस निपल साफ करून ग्रीस भरलं. शेवटी चांगले चार टायर आणि अलाइनमेंट. टायर इतके जुने होते की खाचा शिल्लक होत्या, पण रबर लाकूड झालं होतं. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तो वाचायला शिका, जुन्या गाडीत फार कामाला येतो.

दुसरी सही मिळाली. मामांनी वहीतल्या '२३ टक्के' या आकड्याखाली रेघ मारली आणि ग्राइंडर कोणाचा होता ते विचारलं. आम्ही सांगितलं नाही.

तिसरा रविवार: एक्झॉस्ट

इथे खरी परीक्षा होती, कारण त्या आवाजाच्या प्रेमात आम्ही तिघंही होतो.

"शक्ती वाढते म्हणता. किती वाढते?"

हिशेब मांडला. सायलेन्सरमुळे इंजिनाला मागून जो दाब सोसावा लागतो, तो ०.१ बारने कमी झाला असं मानू. ५००० फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला सुमारे ४५ लिटर जागा झाडतं. दाब गुणिले घनफळ केलं की साडेचारशे वॉट वाचतात, म्हणजे अश्वशक्तीच्या सहा दशांश. सिलिंडर थोडा जास्त रिकामा होतो, त्याचं आणखी थोडं धरा. ४० अश्वशक्तीच्या गाडीत एखादी अश्वशक्ती, तीही इंजिन किंचाळत असताना! चेंबूर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये ५००० फेऱ्या करायच्या कुठे?

उलट तोटा रोजचा आहे. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोका आपल्यामागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करतो. त्यासाठी वायूला वेग हवा. ३८ मिमी पाइपात ५००० फेऱ्यांना तो अंदाजे सेकंदाला ८७ मीटर येतो, २००० फेऱ्यांना ३५. आमच्या ५१ मिमी पाइपात तेच आकडे ४८ आणि १९. म्हणजे शहरात आपण जिथे गाडी चालवतो, तिथेच वायू सुस्त झाला. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना गाडी मार खायला लागली होती, ती म्हणून. वर कार्ब्युरेटरचं मिश्रणही बिघडलं. प्लग काढून बघितले तर पांढरट. मिश्रण पातळ झाल्याची ती खूण. प्लग बिस्किटाच्या रंगाचा हवा.

आवाजाचं शास्त्रही सोपं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठोके, म्हणजे १०० हर्ट्‌झ. काचलोकरीचा सरळ सायलेन्सर उच्च स्वर शोषतो, पण इतक्या खालच्या स्वराची लांबी तापलेल्या वायूत साडेपाच मीटर असते. ती लोकर काय शोषणार? तो 'घुमणारा' आवाज मारायला मूळ सायलेन्सरच्या आतले कप्पे आणि नळ्या लागतात. तिथे लाटेवर परतलेली लाट चढवून ती मारली जाते. ज्याला आम्ही डबा म्हणून फेकलं होतं, तो ध्वनिशास्त्राचा प्रयोग होता.

पण सही मिळाली ती वेगळ्याच गोष्टीवर. मामांनी सीटखालची चटई उचलायला सांगितली. खाऱ्या हवेने फरशीच्या पत्र्याला दोन ठिकाणी भोकं पडली होती, आणि बरोबर त्याखाली आमच्या पाइपाचा जोड काळा पडला होता. म्हणजे गळत होता. पातळ-जाड मिश्रण कसंही असो, एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. पावसात काचा बंद करून आम्ही चौघं त्या गाडीतून फिरत होतो. परतताना मामांचं डोकं दुखायचं. त्यांना वाटायचं आवाजाने दुखतं.

त्या दिवशी वहीत लिहायला काही उरलं नाही. पत्रा कापून नवा वेल्ड केला. मॅनिफोल्डपासून मागेपर्यंत मूळ मापाचा पाइप, प्रत्येक जोडाला नवं गॅस्केट, नवे रबरी हँगर आणि मूळ जातीचा सायलेन्सर. मग कार्ब्युरेटर लावून पीयूसी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आली. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर दहा हजारांपर्यंत दंड वेगळा. अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवते ते आणखी वेगळं. आणि एक फायद्याची गोष्ट: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदलून ठेवलंत तर तो मान जातो. जुन्या गाडीचं मूळपण हीच तिची किंमत आहे.

तात्पर्य

जुन्या गाडीला हात लावायचा तर क्रम पाळा. आधी टायर आणि ब्रेक, मग बुश आणि शॉकअप, मग स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी एक्झॉस्ट. आम्ही बरोबर उलटं केलं होतं. जे ऐकू येतं ते आधी, जे दिसतं ते नंतर, आणि ज्यावर जीव आहे ते कधीच नाही. दुसरं असं की, काहीही 'वाढवण्या'आधी ते मूळ होतं तेवढं आहे का ते मोजा. आमची गाडी अर्ध्या ब्रेकवर आणि मेलेल्या शॉकअपवर चालत होती. ती पूर्ववत झाली तेव्हा कुठल्याही स्पोर्ट्‌स किटने झाली नसती इतकी बदलली.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा त्याच रस्त्याने आलो. तसाच पाऊस, तशीच टँकरची रांग. पाण्यातून बाहेर पडल्यावर मी ब्रेक दोनदा हलके दाबून वाळवले. पुढचा टँकर थांबला. आमची गाडी सरळ रेषेत, चांगलं दोन मीटर अंतर ठेवून थांबली. मामा शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. तीन सह्यांपेक्षा मला ते मोठं वाटलं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी उभी असेल, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर फराळाआधी एक काम करावं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून बघावं. तेल काळं दिसलं, तर पहिला रविवार तिथूनच सुरू करा.